‘अण्णा’ म्हटल्यावर कोण वळतं? मार्मोसेटच्या रक्तात माणसासाठीच्या अँटिबॉडी वापरताना

प्रश्न विचारणारी मुलगी सोलापूरचीच, सध्या युरोपात पीएचडी करते. तिच्या प्रयोगशाळेत मार्मोसेट जातीची माकडं आहेत. तिने विचारलंय: ‘मॅडम, माणसाच्या रक्तपेशींसाठीच्या अँटिबॉडी आमच्या फ्रीजमध्ये भरपूर आहेत. बऱ्याचशांच्या माहितीपत्रकावर “मंकी” असंही लिहिलंय. त्या मार्मोसेटच्या टी, बी आणि एनके (नॅचरल किलर) या पांढऱ्या रक्तपेशी ओळखायला चालतील का? कोणते क्लोन घेऊ? एका वेळी जेमतेम अर्धा मिलिलिटर रक्त मिळतं, तर सुरुवात कुठून करू?’

काही चालतील, बऱ्याच चालणार नाहीत, आणि चालल्यासारख्या दिसणाऱ्यांपैकी एक-दोन तुला फसवतील. पहिल्या दोन प्रकारांचं मला काही वाटत नाही, ते दोन दिवसांत कळतं. तिसऱ्या प्रकारात माणूस महिनेच्या महिने घालवतो. मी घालवलेत, म्हणून एवढं लांब लिहितेय.

आधी एक शब्द नीट करू. ‘माणसाच्या अँटिबॉडी’ असं आपण सगळेच बोलतो, पण तुझ्या फ्रीजमधल्या त्या बाटल्यांत माणसाचं काही नसतं. अँटिबॉडी म्हणजे ठरावीक रेणूला चिकटणारं प्रथिन, आणि त्या बाटल्यांतल्या बहुतेक उंदराच्या असतात. १९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन यांनी हायब्रिडोमाची पद्धत काढली, तेव्हापासूनची रीत तीच: माणसाच्या पेशी किंवा प्रथिनं उंदराला टोचायची, त्याच्या शरीरात तयार झालेल्या हजार अँटिबॉडींतून एक निवडायची आणि तिचा क्लोन, म्हणजे ती बनवणाऱ्या एकाच पेशीची वंशावळ, वाढवायचा. म्हणजे उंदराने माणसाबद्दल दिलेली ती साक्ष आहे. मार्मोसेट तिथे कुणी पाहिलेलाच नव्हता. त्याच्यावर ती साक्ष लागू पडली तर तो योगायोग. उपयोगी योगायोग, पण योगायोगच.

खरोखरच्या मानवी अँटिबॉडी हा वेगळा प्रकार. औषध म्हणून त्या माकडांना देतात. मार्मोसेटमध्ये मेंदूदाहाचं जे प्रायोगिक मॉडेल आहे, त्यात बी पेशींवरच्या सीडी२० या रेणूविरुद्धची (सीडी आणि पुढचा आकडा ही पेशींवरच्या रेणूंची नावं) ७डी८ नावाची मानवी अँटिबॉडी वापरून बी पेशी काढून टाकल्या होत्या; ते काम २०१०चं. तुमच्याकडे कुणी असं काही करत असेल तर दोन गोष्टींचं भान ठेव. एक, औषधाने सीडी२० आधीच झाकलेलं असतं, त्यामुळे तुझी रंगीत सीडी२० अँटिबॉडी बसायला जागाच उरत नाही. पेशी जिवंत फिरत असतात आणि तुला वाटतं त्या संपल्या. दोन, ते औषध शोधायला ‘अँटि-ह्यूमन’ दुय्यम अँटिबॉडी (अँटिबॉडीलाच चिकटणारी अँटिबॉडी) घातलीस तर ती माकडाच्या स्वतःच्या आयजीजीलाही, म्हणजे त्याच्या रक्तातल्या अँटिबॉडींनाही, चिकटते आणि बी पेशी दिवाळीसारख्या उजळतात. दुय्यम अँटिबॉडीच्या वाटेला शक्यतो जाऊच नकोस. थेट रंग जोडलेलीच घे.

आता त्या माहितीपत्रकावरच्या ‘मंकी’बद्दल. आपल्याकडे शेतकरीसुद्धा माकड वेगळं आणि वानर वेगळा म्हणतो. रिएजंट विकणाऱ्या कंपन्यांना तेवढाही भेद करावासा वाटत नाही. तिथे ‘मंकी’ म्हणजे जवळजवळ नेहमी रिसस किंवा सायनोमोल्गस, दोन्ही मकाक. याला इतिहास आहे आणि त्यात आपला देश आहे. पन्नासच्या दशकात पोलिओच्या लशीसाठी भारतातून लाखांनी रिसस माकडं परदेशी गेली. १९७८ साली आपण निर्यात बंद केली, पण तोवर प्रयोगशाळेतलं माकड म्हणजे रिसस हे समीकरण जगभर पक्कं झालेलं होतं. आपल्याकडे २०२०-२१ मध्ये कोव्हॅक्सिनची माकडांवरची चाचणी झाली, तीही वीस रिससवरच.

मार्मोसेट मात्र ईशान्य ब्राझीलचा रहिवासी, तीन-चारशे ग्रॅमचा, तळहातावर मावणारा. माणूस आणि मकाक यांचे पूर्वज सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. दक्षिण अमेरिकेतली माकडं त्याहीआधी, चार कोटी वर्षांच्या आसपास फुटून निघाली. मार्मोसेट, टॅमरिन, स्क्विरल मंकी, आउल मंकी ही सगळी त्या फांदीवरची. म्हणून रिससवर चालणारी अँटिबॉडी मार्मोसेटवर चालेलच असं नाही, आणि मार्मोसेटवर चाललेली आउल मंकीवर चालेल असंही नाही. पत्रकावर ‘मंकी’ दिसलं की लगेच विचार: कुठलं?

पण मग एक अँटिबॉडी चालते आणि दुसरी का चालत नाही? हे समजलं की निम्मी यादी तू स्वतःच करशील.

अँटिबॉडी अख्खं प्रथिन ओळखत नाही, त्याच्या अंगावरचा एक लहानसा भाग ओळखते. तो भाग बदलला की बाकीचं प्रथिन नव्वद टक्के सारखं असूनही काम संपलं. उलट, बाकी कितीही बदललं आणि तेवढा भाग राहिला तर अँटिबॉडी खुशाल बसते. रेणूचा पेशीबाहेरचा भाग विषाणू-जिवाणूंशी सतत झटत असतो, म्हणून तो उत्क्रांतीत भराभर बदलतो. पेशीच्या आतली शेपटी संदेश पोचवण्याचं काम करते. तिच्यात ढवळाढवळ झाली तर पेशीचंच काम बंद पडेल, म्हणून ती फारशी बदलत नाही.

सीडी३चं उदाहरण घे. माणसाच्या टी पेशींसाठी ओकेटी३ आणि यूसीएचटी१ हे दोन नावाजलेले क्लोन. ओकेटी३ तर १९८६ साली औषध म्हणून मान्यता मिळालेली पहिली मोनोक्लोनल अँटिबॉडी. हे दोन्ही रिससवरसुद्धा निरुपयोगी आहेत. ते सीडी३च्या घडीचा, त्याच्या त्रिमितीय आकाराचा एक भाग पकडतात आणि तो आकार माकडांत थोडा वेगळा आहे. एसपी३४ हा क्लोन मात्र घडी मोडलेल्या, विस्कटलेल्या सीडी३ प्रथिनापासून बनवला गेला. त्यामुळे त्याने आकाराऐवजी एप्सिलॉन साखळीवरचा साखळीच्या क्रमातला भाग धरला. आज माकडांच्या टी पेशींवरचं बहुतेक काम एसपी३४-२ या त्याच्या उपक्लोनवर उभं आहे, मार्मोसेटचंही. तेव्हा तुमच्या फ्रीजमधली ‘अँटि-सीडी३’ कुठल्या क्लोनची आहे ते आधी बघ. यूसीएचटी१ असेल तर ती माणसाच्या रक्तासाठी बाजूला ठेव. तिथे ती सोन्यासारखी आहे.

ऊतकाच्या कापांवर काम करणाऱ्यांना हा त्रास कमी होतो, कारण ते आतली शेपटी पकडू शकतात. सीडी३ एप्सिलॉनच्या आतल्या तुकड्याविरुद्धची सशाची पॉलिक्लोनल अँटिबॉडी कुत्र्यापासून माकडापर्यंत चालते. बी पेशींसाठी सीडी७९एचा एचएम५७ हा क्लोन गाय, घोडा, डुक्कर, माकड सगळ्यांवर चालतो, तोही याच कारणाने. फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे रंगवलेल्या पेशी एकेक करून यंत्रातून मोजताना, या दोन्ही वापरता येतात, पण त्यासाठी पेशी फिक्स करून तिला भोकं पाडावी लागतात, म्हणजे ती मेली. जिवंत पेशी वेगळ्या काढायच्या असतील तर हा रस्ता बंद. तरी मी तुला सांगेन की एकदा तरी एसपी३४-२ आणि आतली सीडी३ एकाच नळीत लाव. दोघी एकाच पेशीवर बसल्या तर पृष्ठभागावरची अँटिबॉडी खरं बोलतेय याची ती चांगली साक्ष.

इथवरचा भाग ‘बसते की नाही’चा झाला. मला जास्त बोलायचंय ते पुढच्याबद्दल, कारण बसणं म्हणजे ओळखणं नव्हे.

तू सोलापूरच्या पूर्व भागातली, त्यामुळे हे उदाहरण तुला लगेच पटेल. साखर पेठेतल्या एखाद्या तेलुगू घरासमोर ‘अण्णा’ अशी हाक मारली तर थोरला भाऊ बाहेर येतो. जुळे सोलापुरातल्या मराठी घरासमोर तीच हाक मारली तर बहुधा वडील चष्मा सावरत दारात येतात. हाक तीच, उच्चार तोच, वळणारा माणूस वेगळा. अँटिबॉडी ही हाक आहे. हाकेला कुणीतरी वळलं एवढ्यावरून तो भाऊच आहे असं ठरवायचं नाही.

माझा ‘अण्णा’ होता सीडी५६. माणसात सीडी५६ हा एनके पेशींचा ओळखपट्टा. कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. मी तेव्हा नवीन होते, रिससच्या रक्तावर काम करत होते. सीडी३ नसलेल्या आणि सीडी५६ असलेल्या पेशींचा एक सुरेख, वेगळा पुंजका मिळाला. अँटिबॉडी चालली म्हणून मी खूश, साहेब खूश. तीन महिने आम्ही त्या ‘एनके पेशीं’ची वर-खाली होणारी टक्केवारी मांडत बसलो, तक्ते केले, एका बैठकीत दाखवलेही. मग पाहुणा म्हणून आलेल्या एका वयस्क शास्त्रज्ञाने शांतपणे विचारलं, ‘सीडी१४ लावून पाहिलंत का?’ लावलं. सगळा पुंजका उजळला. त्या मोनोसाइट होत्या, सीडी१४ ही खूण असलेल्या वेगळ्याच पांढऱ्या पेशी. मकाकात सीडी५६ प्रामुख्याने मोनोसाइटवर असतो आणि बहुतेक एनके पेशींवर नसतो. मकाकाच्या एनके पेशी शोधायच्या तर सीडी३ नसलेल्या, सीडी८ अल्फा आणि एनकेजी२ए असलेल्या पेशी बघाव्या लागतात. एनकेजी२एसाठी झेड१९९ हा क्लोन वापरतात. अँटिबॉडीची काहीच चूक नव्हती. तिने सीडी५६च दाखवलं होतं. त्याला एनके हे नाव मी दिलं होतं.

अशी आणखी उदाहरणं आहेत. माणसाच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींवर सीडी१६ ठासून भरलेला असतो, रिससच्या न्यूट्रोफिलवर नसतो. माणसाची सवय घेऊन बसलीस तर वाटेल अँटिबॉडी बिघडली. मकाकात सीडी४ आणि सीडी८ दोन्ही असलेल्या टी पेशी वयानुसार वाढतात. माणसात असं दिसलं तर आमच्या लॅबमध्ये मी तंत्रज्ञाला नळी परत लावायला सांगते. नैव्ह (अजून शत्रू न पाहिलेल्या) आणि मेमरी (पाहून लक्षात ठेवलेल्या) टी पेशी वेगळ्या करायला माणसात सीडी४५आरए घेतात, रिससवाले सीडी२८ आणि सीडी९५ची जोडी पसंत करतात. प्रत्येक जातीची स्वतःची बोली असते. मकाकाची बोली शिकलीस म्हणून मार्मोसेटची आली असं धरू नकोस.

ही चूक किती महाग पडू शकते ते मार्च २००६ मध्ये लंडनमधल्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात दिसलं. टीजीएन१४१२ ही सीडी२८ विरुद्धची अँटिबॉडी. माकडांवर चाचणी झालेली, सायनोमोल्गसचा सीडी२८ माणसासारखाच, अँटिबॉडी त्याला छान चिकटते, माकडांना काही झालं नाही. मग सहा निरोगी तरुणांना माकडांच्या मानाने अगदी थोडा डोस दिला आणि तासा-दीड तासात सहाही जण कोसळले; अवयव निकामी होईपर्यंत मजल गेली. सगळे वाचले, हे नशीब. नंतर उलगडा झाला तो असा: त्या माकडांच्या सीडी४ इफेक्टर मेमरी पेशींवर सीडी२८ नसतोच, माणसाच्या त्याच पेशींवर असतो. रेणू सारखा होता, पण तो घालून फिरणारी पेशी सारखी नव्हती. ‘क्रॉस-रिअ‍ॅक्टिव्ह’ (दुसऱ्या जातीवरही चालणारी) या शब्दावर मी चिडते ती त्यामुळे.

मार्मोसेटची आणखी एक गंमत आहे, जी तुला कुठलीच अँटिबॉडी सांगणार नाही. ही माकडं बहुधा जुळी जन्मतात आणि गर्भात दोघांची वार जोडलेली असते. रक्त एकमेकांत मिसळतं आणि रक्त बनवणाऱ्या मूळ पेशीही एकमेकांच्या शरीरात जाऊन वस्ती करतात, त्या आयुष्यभर राहतात. म्हणजे तू ज्या मार्मोसेटचं रक्त काढलंस त्यातल्या काही पेशी जनुकांनी त्याच्या भावाच्या किंवा बहिणीच्या असतात. नर-मादी जुळ्यांत मादीच्या रक्तात वाय गुणसूत्र सापडतं ते त्यामुळेच. तुझ्या गणनेला याने फरक पडत नाही, टी पेशी ती टी पेशीच. पण उद्या रक्तातून डीएनए काढून ‘या प्राण्याचा जनुकप्रकार’ ठरवायला गेलीस आणि सीडी३च्या एखाद्या प्रकाराशी तो जोडलास, तर घोळ होईल. जनुकासाठी केसांची मुळं किंवा त्वचा वापर. प्रत्येक प्राण्याचं जुळं कोण, ते वहीत लिहून ठेव.

आता मुद्द्याचं: खरं-खोटं कसं ठरवायचं? मी सोलापुरात आता माणसांचंच रक्त तपासते. एचआयव्हीच्या रुग्णांचे सीडी४ मोजण्यात कैक वर्षं गेली. तिथे एक साधी, जुनी तपासणी आम्ही रोज करतो, आणि माकडांवर काम करणारी मुलं ती करत नाहीत याचं मला आश्चर्य वाटतं. लिम्फोसाइटच्या गेटमधल्या (यंत्राच्या आलेखावर त्या पेशींभोवती आखलेल्या चौकटीतल्या) टी, बी आणि एनके यांच्या टक्केवारीची बेरीज करायची. ती शंभराच्या जवळ यायलाच हवी. ९५ ते १०५ उत्तम, ९० ते ११० चालून जातं. तसंच सीडी४ असलेल्या आणि सीडी८ असलेल्या टी पेशींची बेरीज एकूण सीडी३च्या आकड्याहून पाच टक्क्यांपेक्षा जास्त वर-खाली नसावी, फार तर दहा. माणसात हे नियम आहेत. मार्मोसेटमध्ये ते जसेच्या तसे लावू नकोस, पण बेरीज कर. साठ आली तर कुठल्यातरी पेशींना तुझी हाक ऐकूच गेली नाही. एकशे तीस आली तर एकाच पेशीला तू दोन नावांनी मोजलंस. माझ्या त्या सीडी५६च्या काळात मी ही बेरीज केली असती तर पहिल्याच आठवड्यात आकडे बोलले असते.

त्यापुढची पायरी पेशी वेगळ्या काढण्याची. सॉर्टर हाताशी असेल तर ‘टी’ म्हणवणाऱ्या काही हजार पेशी आणि ‘बी’ म्हणवणाऱ्या काही हजार पेशी वेगळ्या कर आणि आरएनए बघ. टी पेशींत सीडी३ई जनुकाचा आरएनए हवा, बी पेशींत एमएस४ए१चा. तेच सीडी२०चं जनुक. मार्मोसेटचा जीनोम २०१४ मध्ये प्रसिद्ध झालाय, प्रायमर बनवणं अवघड नाही. जनुक माकडाचंच, क्रम माकडाचाच, उंदराच्या साक्षीची गरज नाही. याहून पक्का पुरावा मला माहीत नाही, आणि तो प्रत्येक प्राण्यावर नाही, प्रत्येक क्लोनसाठी एकदाच लागतो. सॉर्ट केलेल्या थोड्या पेशी काचेवर घेऊन गिम्साने रंगवून डोळ्यांनीही बघ. मोनोसाइट आणि लिम्फोसाइट यांच्यातला फरक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसतो. मला दिसला असता, पण मी काचेवर घेतल्याच नव्हत्या.

रक्ताबद्दल. साडेतीनशे ग्रॅमच्या मार्मोसेटमध्ये एकूण रक्त पंचवीस मिलिलिटरच्या आसपास. दोन आठवड्यांत त्याच्या दहा टक्क्यांहून जास्त काढायचं नाही असा सर्वसाधारण दंडक, आणि तुमचे पशुवैद्य त्याहून कडक असतील तर त्यांचं ऐक. तेव्हा टायट्रेशनसाठी जिवंत प्राण्याचं रक्त वापरू नकोस. अँटिबॉडीची योग्य मात्रा काढायला दुप्पट-दुप्पट विरळ करत सात-आठ नळ्या लागतात. दहा अँटिबॉडी म्हणजे सत्तर-ऐंशी नळ्या. अर्ध्या मिलिलिटरमध्ये ते कसं जमणार? तुमच्या पॅथॉलॉजीवाल्यांशी बोलून ठेव. दुसऱ्या कुठल्या कारणाने एखादा प्राणी संपवावा लागला तर त्याची प्लीहा आणि लसिका ग्रंथी माग. एका प्लीहेतून कोट्यवधी पेशी मिळतात, त्या छोट्या-छोट्या भागांत गोठवून ठेव. टायट्रेशन त्यावर, आणि अखेरची खातरजमा तेवढी ताज्या रक्तावर.

टायट्रेशन टाळू मात्र नकोस. बाटलीवर ‘एका चाचणीला पाच मायक्रोलिटर’ लिहिलेलं असतं ते माणसाच्या शंभर मायक्रोलिटर रक्तासाठी. मार्मोसेटवर तीच अँटिबॉडी सैल धरत असेल तर मात्रा जास्त लागेल, आणि जास्त घातलीस की ती नको तिथेही चिकटायला लागेल. शिवाय मोनोसाइट आणि बी पेशींवरचे एफसी रिसेप्टर उंदराच्या अँटिबॉडीला शेपटीकडून धरतात. रंगवण्याआधी दहा मिनिटं मानवी आयजीजी घालून ते भरून टाक. मृत पेशी दाखवणारा रंग प्रत्येक नळीत हवाच. मेलेली पेशी सगळ्यांना गळामिठी घालते, आणि प्रवास करून आलेल्या नमुन्यात अशा मिठीमारांची कमी नसते.

रंगांबद्दल एक सोलापुरी अनुभव. एकदा ऐन मे महिन्यात मागवलेल्या अँटिबॉडी शनिवारी शहरात पोचल्या आणि सोमवारपर्यंत कुरिअरच्या गोदामात पडून राहिल्या. बाहेर चव्वेचाळीस अंश. खोका उघडला तेव्हा बर्फाच्या पिशव्यांत कोमट पाणी होतं. पीई-सीवाय७सारखे (पीई आणि सीवाय७ हे दोन रंग जोडून केलेले) जोडरंग उष्णतेने आणि उजेडाने तुटतात. तुटले की सीवाय७चा प्रकाश जातो आणि पीईचा राहतो. मग यंत्राला पीईच्या खिडकीत अशी पेशी दिसते जी तिथे असायलाच नको. नव्या तंत्रज्ञाने तो ‘नवा उपप्रकार’ म्हणून मला कौतुकाने दाखवला. युरोपात एवढी गरमी नाही, पण जोडरंगाची बाटली दिव्याखाली तासभर उघडी राहिली तरी हेच होतं. आणि या बाटल्या फ्रीजमध्येच ठेवायच्या, फ्रीझरमध्ये नाही. पीई आणि एपीसी गोठले की संपले. दर महिन्याला कुणीतरी नवीन मुलगा हा पराक्रम करतो.

आता क्लोन. सगळी यादी देत बसत नाही, ती कामाची नाही. पॅनेल, म्हणजे एकत्र वापरायचा अँटिबॉडींचा संच, प्रश्नावर ठरतं. पाया म्हणून सांगते. सर्व पांढऱ्या पेशींसाठी सीडी४५ला माणसाचा एचआय३० घेऊ नकोस. मार्मोसेटसाठीच जपानमध्ये बनवलेला ६सी९ क्लोन विकत मिळतो, तो घे. हा खरा मार्मोसेटचा साक्षीदार, उसना नाही. टी पेशींना एसपी३४-२. एचएलए-डीआरसाठी एल२४३, तो माकडांच्या बऱ्याच जातींत भरवशाचा. बी पेशींसाठी सीडी२०कडे जा. माणसाच्या लॅबमधली सवय म्हणून सीडी१९ मागवू नकोस, दक्षिण अमेरिकी माकडांत तो वाट बघायला लावतो. एनकेबद्दल एका अँटिबॉडीवर विसंबू नकोस, हे वर रडून झालंय. आधी सीडी३, सीडी२० आणि सीडी१४ तिन्ही वजा कर, मग उरलेल्यांकडे बघ. बाकी क्लोनसाठी अमेरिकेचं नॉनह्यूमन प्रायमेट रीएजंट रिसोर्स जातीनुसार तक्ता ठेवतं. त्यात मार्मोसेटचा रकाना वेगळा बघ, शेजारच्या रिससच्या रकान्यावर नजर घसरू देऊ नकोस. आणि कॅटलॉगमध्ये ‘मार्मोसेट’ लिहिलं असेल तर विक्रेत्याला आकृती माग. जी कंपनी आकृती पाठवत नाही तिच्याकडे ती नसते.

तुमच्या फ्रीजमध्ये आहे ते वापरून बघायचा मोह मी समजू शकते. आपल्याकडे तर शिळ्या भाकरीचाही कुस्करा होतो, टाकवत नाही. वापर, पण चाचणी म्हणून. उत्तर नकारार्थी आलं तर वहीत तारीख, क्लोन, लॉट नंबर आणि ‘मार्मोसेट: नाही’ असं लिही. न चाललेल्या अँटिबॉडींची यादी कुणी छापत नाही, म्हणून पुढची मुलगी तेच पैसे पुन्हा घालवते.

एक सूचना अँटिबॉडीशी संबंध नसलेली. ओठावर ताप आल्यावर उठतात ते फोड असतील तर मार्मोसेटच्या खोलीत पाऊल टाकू नकोस. आपल्याला किरकोळ वाटणारा तो हर्पीजचा विषाणू या माकडांना मारतो. मकाकांच्या बाबतीत भीती उलटी: त्यांच्या अंगातला बी विषाणू त्यांना फारसं काही करत नाही, माणसाचा जीव घेतो. जात बदलली की नियम बदलतो, तो इथेही.

पहिल्या दिवशी चारच नळ्या लाव. एक बिनरंगाची. एक माणसाच्या रक्ताची, पूर्ण पॅनेल, म्हणजे अँटिबॉडी मुळात जिवंत आहेत हे कळेल. रक्त स्वतःचं द्यायचं असेल तर तुमच्या नीतिसमितीची परवानगी आधी घे. एक मार्मोसेटची पूर्ण पॅनेल. आणि एक मार्मोसेटची, ज्या रंगावर तुझा सर्वांत कमी भरवसा आहे तो वगळून. पन्नास मायक्रोलिटरप्रमाणे मार्मोसेटचं दीडशे मायक्रोलिटर रक्त पुरेल. बाकीच्या रक्तातल्या पेशी वेगळ्या काढून गोठवून ठेव. मग बेरीज कर आणि मला यंत्रातून निघालेल्या मूळ फाइली पाठव. गेट काढलेली चित्रं पाठवू नकोस. गेट मी माझे काढीन.